दोन गहाळ पानं

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. नंबर अनोळखी.

"नमस्कार सर. तुमचं पुस्तक वाचून राहिलो. मस्त चाललंय. पण ८५ नंतर एकदम ८८ येते. मधली दोन पानं नाहीत. तुमच्याकडे असतील का?"

मला वाटलं, बाइंडरनं घोळ घातला. फर्मा चुकणं, पान राहून जाणं यात नवं काही नाही. म्हटलं, दुकानदाराकडं परत द्या, प्रकाशक प्रत बदलून देतील. पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज जरा खाली आला. "दुकानातलं नाही जी. पीडीएफ आहे. ग्रुपवर आली होती."

आता काय बोलावं ते मला सुचेना. तो मात्र मोकळा झाला. एस.टी.त कंडक्टर आहे, अहेरी आगारात. मुक्कामी गाडी असते. रात्री गाडी गावात पोचते, पहाटे निघते, मधल्या वेळात करायचं काय? तिथं नेटवर्क नसतं, म्हणून निघण्याआधी दोन-तीन पीडीएफ मोबाइलवर उतरवून घेतो आणि गाडीतल्या मागच्या बाकावर आडवा होऊन वाचतो. माझा नंबर त्याला मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला सापडला. म्हणजे स्कॅन करणाऱ्यानं कव्हरपासून कव्हरपर्यंत सगळं निष्ठेनं घेतलं होतं. फक्त एका जागी पानं चिकटून एकदम दोन उलटली, आणि समोरासमोरची ८६-८७ राहून गेली.

"आणि सर, तो म्हातारा कंपोझिटर थकलेला पगार मागायला मालकाच्या जिन्यावर चढला, तिथंच पान संपलं. पुढच्या पानावर एकदम पावसाळा सुरू. मिळाले का त्याचे पैसे?"

पाठवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंदच झाला. छापखान्यांच्या एका बोळातल्या माणसांवरचं माझं ते पुस्तक, ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये. तीन वर्षं झाली, आवृत्ती अजून संपलेली नाही. त्या पुस्तकातल्या खिळे जुळवणाऱ्या माणसाला पैसे मिळाले की नाही याची काळजी गडचिरोलीच्या जंगलात, बंद गाडीत आडव्या झालेल्या कुणाला तरी लागली होती. राग आला तो नंतर, मेथीच्या काड्या गोळा करताना. रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागं २५ रुपये. सगळी आवृत्ती खपली तर साडेबारा हजार. त्यातले या माणसाचे २५ बुडाले, आणि तो मलाच विचारतोय, कंपोझिटरचे पैसे मिळाले का!

पण हा राग मला फार वेळ धरून ठेवता येईना. त्याला कारण आहे.

१९९८ साली मी सांगलीत एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागलो. दोन काँप्युटर, एक लेझर प्रिंटर, ट्रेसिंग पेपरची रिमं आणि भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ६.५ होतं, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या १०० रुपयांच्या सीडीवरचं; सीडीवर निळ्या मार्करनं 'PM' अशी नुसती दोन अक्षरं होती. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा डोंगल यायचं. काँप्युटरच्या मागं, प्रिंटरची वायर जिथं जोडतात तिथं ते खोचायचं, तरच देवनागरी उमटायची. आमच्याकडं डोंगल नव्हतं. डोंगल खोचलेलं आहे असं त्या सॉफ्टवेअरला भासवणारी एक छोटीशी फाइल होती. ती कुणी बनवली माहीत नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर असा प्रवास करत ती आमच्यापर्यंत आली होती. अधूनमधून "रेड पडणार" अशी अफवा यायची, मग दोन दिवस शटर अर्धं खाली ठेवून काम चालायचं. रेड कधी पडली नाही.

त्या दोन काँप्युटरांवर मी साठेक पुस्तकं लावली. प्रत्येकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक मजकूर असायचाच: सर्व हक्क सुरक्षित, प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग पुनर्मुद्रित करता येणार नाही. फोडलेल्या पेजमेकरवर, फोडलेल्या फॉन्टमध्ये, साठ वेळा. टाइप खरं तर एकदाच केला होता. पुढं कॉपी-पेस्ट.

तेव्हा हे विनोदी वाटलं नाही. चोरी तर अजिबात वाटली नाही. फॉन्ट हा प्रकार आमच्या लेखी हवेसारखा होता, तो कुणी बनवतं हेच डोक्यात नव्हतं. एकेका जोडाक्षराचं वळण, रफार कुठं बसवायचा, उकार खालच्या ओळीत घुसू नये म्हणून किती आखूड करायचा, यात कुणाचं तरी आयुष्य जातं हे मला फार उशिरा कळलं. र. कृ. जोशींबद्दल वाचलं तेव्हा. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं ज्या 'मंगल'मध्ये आपण वाचत आलो तो त्यांनी घडवलेला. त्यांचं काम पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या निळ्या मार्करच्या सीडीचा.

माझी ती चोरी पुढं थांबली. ती पोलिसांनी थांबवली नाही, आणि माझी सदसद्विवेकबुद्धीही जागी झाली नव्हती. युनिकोड, म्हणजे कुठल्याही काँप्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आलं, आणि काही लोकांनी चांगले मराठी फॉन्ट रीतसर, परवान्यासह, मोफत देऊन टाकले. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्यांच्या गटाचा मुक्ता आला, राज्य मराठी विकास संस्थेनं यशोमुद्रा आणि यशोवेणू खुले केले. डोंगल फोडायची गरजच उरली नाही. माझं हे पुस्तक अशाच एका मोफत फॉन्टमध्ये आहे. निदान तेवढं तरी त्यात स्वच्छ आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या प्रकाशकांना मी दोनदा म्हटलं होतं, ई-बुक काढू या. ते म्हणाले, "अहो, काढलं की फुटतं." ई-बुक फुटू नये म्हणून काढलं नाही, आणि पुस्तक फुटलंच. कुणीतरी मोबाइलच्या कॅमेऱ्यानं त्याची शंभरेक छायाचित्रं काढत बसलं. अहेरीला पार्सल पोचत नाही असं नाही; ठरवलं असतं तर कंडक्टरला पुस्तक मागवता आलं असतं. पण असं पुस्तक जगात आहे हे त्याला कळलं तेच मुळी पीडीएफ हातात आल्यावर. वर्तमानपत्रात परीक्षण नाही, दुकानात थप्पी नाही, तालुक्याच्या ग्रंथालयात प्रत नाही. मग मागवायचं ते कशाच्या जोरावर?

ग्रंथालयावरून आठवलं. एखाद्या वाचनालयानं माझी एक प्रत घेतली आणि ती चाळीस जणांनी वाचली, तर मला २५ रुपयेच मिळतात आणि कुणी त्याला चोरी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९७९ साली कायदा करून ग्रंथालयातून पुस्तक नेलं गेलं की लेखकाला सरकारकडून थोडे पैसे मिळतील अशी सोय केली. आपल्याकडं तसं काही नाही. असतं तर माझी फार चैन झाली असती असं नव्हे, पण आपलं पुस्तक वर्षभरात किती जणांनी नेलं याचा एक आकडा तरी हाती आला असता.

आता एक गोष्ट, जिच्यात मी आजही सराईत गुन्हेगार आहे.

छापखान्यांवर लिहिताना मला एक जुनं पुस्तक हवं होतं. लेखक १९७२ साली वारले. प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडली. पुण्यात अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, रद्दीवाल्यांकडं सांगून ठेवलं. लेखकाचे नातू परदेशात असतात असं कळलं. दोन ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. शेवटी पुस्तक मिळालं ते इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर. भारत सरकारच्या मदतीनं 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाचा एक प्रचंड प्रकल्प चालला होता, त्यात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. पुढं कॉपीराइटभंगाचं कारण देऊन ते संकेतस्थळच बंद केलं गेलं. पण तोवर त्यातली बरीच पुस्तकं आर्काइव्हवर पोचली होती. माझ्या त्या प्रतीवर एका नगर वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, कुणा वाचकानं समासात पेन्सिलीनं "खोटे!" असं लिहिलंय, आणि अधूनमधून पानं तिरकी आहेत. मी ती उतरवून घेतली. दोन मित्रांनाही पाठवली.

कायद्याच्या हिशेबात हे पुस्तक ३१ डिसेंबर २०३२पर्यंत बंद आहे. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. पूर्वी ५० होती. १० वर्षं वाढली ती १९९२च्या दुरुस्तीनं, आणि त्यामागं होते रवींद्रनाथ टागोर. ते १९४१ला गेले, १९९१च्या अखेरीस त्यांचं सगळं साहित्य खुलं होणार होतं, म्हणून मुदत वाढवली गेली. पण कायदा काही एका माणसासाठी वाढत नाही. हक्क शिल्लक असलेल्या सगळ्यांचीच मुदत वाढली. साने गुरुजी १९५०ला गेले. 'श्यामची आई' २००१ला मोकळी झाली असती, ती २०११ला झाली. तरी ती तोवर मिळत तरी होती. जे पुस्तक कुठंच मिळत नाही, ज्याच्यावर कुणी दमडी कमावत नाही, त्याच्या कुलपाची किल्ली नक्की कुणाकडं आहे?

यावर कायद्यात तोड आहे, हे मला एका वकील मित्रानं दाखवलं. कलम ३१-अ. लेखक हयात नाही आणि हक्कदार सापडत नाही, अशा पुस्तकासाठी अर्ज करून परवाना मिळवता येतो. मी उत्साहानं पुढं वाचायला लागलो. अर्जाआधी आपला इरादा वर्तमानपत्रात जाहीर करायचा असतो. कोणत्या? देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. इतर भाषेतल्या दैनिकात द्यावं लागतं ते फक्त अनुवाद करायचा असेल तर. म्हणजे सांगली-साताऱ्याकडच्या विस्मृत लेखकाचं मराठी पुस्तक मराठीतच पुन्हा छापायला मी इंग्रजी पेपरात जाहिरात द्यायची! तिच्या खर्चात आवृत्ती निघेल. मित्र हसला आणि म्हणाला, "यापेक्षा पीडीएफ वाच."

असं असलं तरी न्यायालयांनी कधीच वाचकाच्या बाजूनं विचार केला नाही, असंही नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं एक झेरॉक्सचं दुकान. अभ्यासक्रमातल्या वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं काढून तिथं एक जुडगा करून देत. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. सप्टेंबर २०१६मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा अटळ, दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं त्यांनी निकालात म्हटलं. मला त्याहून आवडलं ते त्यांनी स्वतःच्या विद्यार्थीदशेबद्दल लिहिलेलं. तेव्हा झेरॉक्स महाग होती, म्हणून मुलं पाळीपाळीनं ग्रंथालयात बसून पुस्तकातली पानंच्या पानं हातानं उतरवून घेत. ते चालत होतं, तर यंत्रानं उतरवलेलं का चालू नये? पुढं खंडपीठानं एक मुद्दा पुन्हा चौकशीला पाठवला, पण २०१७ साली प्रकाशकांनीच खटला मागं घेतला. मी स्वतः एम.ए. झालो तो अशाच जुडग्यांवर, त्यामुळं या प्रकरणात माझं मत निःपक्षपाती मानू नये.

हातानं उतरवून घेणं आपल्याकडं तर पुण्यकर्मच होतं. पोथी नकलून ब्राह्मणाला नाहीतर मठाला द्यायची, आणि शेवटी लिहायचं, "यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया". जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका. माझं पुस्तक स्कॅन करणाऱ्यानंही एवढं लिहिलं असतं तर मी त्याला ८६-८७ माफ केली असती.

संतांनी तर कुणालाच अडवलं नाही. अभंग कुणीही उतरवावा, कुणीही गावा. पण एक खबरदारी त्यांनी घेतली: नाव शेवटच्या चरणात असं विणलं की ते उसवलं तर अभंगच उसवेल. नामा म्हणे, तुका म्हणे, सेना म्हणे. पैसे नकोत, पण नाव राहू द्या. आता व्हॉट्सॅपवर नेमकी शेवटची ओळ कापली जाते. माझी एक आठ ओळींची कविता मला गेल्या पाडव्याला माझ्याच मावसबहिणीनं पाठवली, खाली एका थोर दिवंगत कवीचं नाव. वर लिहिलेलं, "दादा, वाच, असं लिहायला हवं." उलटा प्रकारही जुनाच आहे म्हणा, 'तुका म्हणे' जोडून तुकोबांच्या गाथेत लोकांनी काय काय घुसवलं, ते निवडत अभ्यासक अजून बसलेत.

कॉपीराइटच्या कायद्यात ५७वं कलम आहे, ते मला त्यातलं सगळ्यात माणुसकीचं वाटतं. हक्क विकून टाकले तरी आपलं लिखाण आपल्या नावानं ओळखलं जावं हा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. २५ रुपये बुडाल्याचं दुःख दोन तासांत विरलं. त्या कवितेचं अजून गेलेलं नाही. बहिणीला मी काही बोललो नाही. काय बोलणार?

फोननंतर मी आपलं पुस्तक कुठं कुठं गेलंय ते शोधायला लागलो आणि टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवर पोचलो. ४९ रुपयांत ५०० मराठी पुस्तकं. क्यूआर कोड, पैसे भरल्यावर लिंक. माझं पुस्तक नव्याण्णवावं. म्हणजे मी साधारण दहा पैशांना पडतो. प्रत्येक पानावर तिरका, करड्या रंगाचा शिक्का: चॅनेलचं नाव, आणि खाली, "आमच्या परवानगीशिवाय फॉरवर्ड करू नये." मी ते तीनदा वाचलं. तक्रार केली. चॅनेल गेलं. चार दिवसांनी त्याच नावापुढं '२' लावून परत आलं, आता भाव ३९. आणि मला लाज वाटली ती याची की माझा भाव उतरल्याचं वाईट वाटलं.

या चॅनेलवाल्यात आणि अहेरीच्या कंडक्टरात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. कायद्याला तो पुसटच दिसतो. कलम ६३: जाणूनबुजून हक्कभंग केला किंवा करायला मदत केली, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर न्यायाधीश कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतात, एवढीच सवलत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पीडीएफ पुढं ढकलणारा आमच्या सोसायटीतला निवृत्त बँक मॅनेजर, जो रोज सकाळी चार वर्तमानपत्रांच्या पीडीएफ ग्रुपवर टाकतो आणि वर 'सुप्रभात' लिहितो, तो या कलमाच्या भाषेत कुठं बसतो हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, बंद करू?" ग्रुपवर कुणीही 'हो' म्हटलं नाही. मीही नाही. मी त्यातलं शब्दकोडं सोडवतो.

रात्री पुस्तक काढलं. पाठवायची होती दोनच पानं, पण मोबाइल हातात घेतल्यावर करार आठवला. छापील आणि इलेक्ट्रॉनिक, सर्व स्वरूपांतल्या प्रकाशनाचे हक्क मी १० वर्षांसाठी प्रकाशकांना दिलेत. म्हणजे ती पानं माझीच, पण पाठवायला मी मोकळा नाही. प्रकाशकांना फोन करून विचारावं का? काय विचारणार? पायरेटेड प्रतीत दोन पानं कमी आहेत, ती पुरवू का?

फोटो काढला. समोरासमोरची पानं, एकाच फोटोत आली. पुस्तक नुसत्या गोंदाचं, शिलाई नाही, हात काढला की मिटतं; म्हणून डाव्या हातानं दाबून धरलं आणि उजव्यानं टिपलं. पाठवून दिला. खाली लिहिलं, "फक्त तुमच्यासाठी." पहाटे पावणेसहाला उत्तर आलं, गाडी नेटवर्कमध्ये आली असावी. हात जोडलेल्या तीन आकृत्या आणि "गरिबाचं असंच असते सर".

याला आता दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात चॅनेल २वर सहज डोकावलो. माझ्या पुस्तकापुढं कंसात लिहिलंय: 'संपूर्ण, सुधारित'. उघडलं. ८५ नंतर ८६ आणि ८७ नीट बसवलेली, वर तोच करडा शिक्का. आणि ८७च्या तळाशी, मालक गल्ल्यातून नोटा मोजून कंपोझिटरच्या हातावर ठेवतो त्या शेवटच्या ओळीवर, माझा डावा अंगठा. नखाशी मेथी निवडताना बसलेला हिरवा डाग.

काल पुन्हा एक अनोळखी नंबर. बाई बोलत होत्या, चंदगडच्या. "सर, ८७ पानावर शेवटी कुणाचा तरी अंगठा आलाय बघा. किती मिळाले हो त्याला?"